हौसेला मोल नसतं: कॉफीपासून नाचाच्या गाण्यांपर्यंत

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की घरी एखादी हौस करताय आणि कुठेतरी अडलंय, तर लिहा. पत्रं आली ती बहुतेक कॉफीची आणि ठेक्याच्या गाण्यांची, म्हणजे सकाळची हौस आणि संध्याकाळची हौस. सगळ्या पत्रांना जागा नाही, पण ज्यांत बाकीच्यांनाही उपयोगी पडेल असं काही होतं ती घेतलीयेत.

प्रश्न: आमच्याकडे स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर आहे. सासूबाई माटुंग्याहून पावडर आणायच्या, ती त्यात मस्त व्हायची. आता मी हौसेने चिकमगळूरचे बीन्स ऑनलाइन मागवले, १०० टक्के अरेबिका, लाइट रोस्ट (म्हणजे कमी भाजलेले), घरी मिक्सरला दळले आणि त्याच फिल्टरला लावले, तर डिकॉक्शन (खाली उतरणारा कॉफीचा अर्क) एकदम पातळ येतं, आधी आंबट लागतं आणि मागून कडू, आणि दूध घातलं की कॉफी कुठे गेली तेच कळत नाही. चांगला ग्राइंडर घ्यावा का? (डोंबिवली)

उत्तर: ताई, ग्राइंडरचे पैसे सध्या राहू द्या. बीन्स वाईट नाहीत आणि फिल्टरही वाईट नाही, त्या दोघांचं जमत नाहीये एवढंच.

सासूबाई जी पावडर आणायच्या त्यात जवळपास नक्की चिकरी असणार. माटुंग्याच्या कॉफीच्या दुकानात उभं राहून बघा, लोक नुसतं "ऐंशी-वीस द्या", "सत्तर-तीस द्या" म्हणतात, त्यातला दुसरा आकडा चिकरीचा. चिकरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं, आपल्याकडे गुजरातेत जामनगर आणि खेडा या जिल्ह्यांकडे पिकतं. त्यात कॅफिन नसतं पण कॉफीपेक्षा ते पाण्यात खूप जास्त विरघळतं, म्हणून डिकॉक्शन दाट, काळंभोर आणि किंचित गोडसर होतं आणि दुधात घातलं तरी टिकतं. तुम्ही चिकरी काढली आणि वर रोस्टही लाइट घेतला. लाइट रोस्टचा दाणा टणक राहतो, त्यातली चव बाहेर यायला भरपूर आणि चांगलं कडक गरम पाणी लागतं, आणि आपल्या फिल्टरमध्ये नेमकं उलटं असतं, पाणी थोडं आणि ते झिरपता झिरपता कोमट होत जातं. म्हणून आंबट आणि पातळ.

कडवटपणा येतो तो मिक्सरमुळे. मिक्सरचं पातं दाणा कापतं कमी आणि फोडतं जास्त, मग भांड्यात काही पीठ होतं आणि काही रव्यापेक्षा जाड कण राहतात. पिठातून सगळं निघून कडू होतं, जाड कणांमधून अर्धवट निघून आंबट होतं आणि दोन्ही एकाच कपात येतं. यावर बिनपैशाचा उपाय आहे: सलग फिरवू नका, दोन-तीन सेकंदांचे झटके द्या, मध्ये भांडं हलवा, पावडर गरम होऊ देऊ नका आणि शेवटी मैद्याच्या चाळणीतून अगदी बारीक पीठ खाली काढून टाका. थोडी पावडर वाया जाते पण चवीत फरक लगेच कळतो.

आता मी सांगेन की आधी फक्त कॉफी बदला, बाकी काही नको. मीडियम-डार्क रोस्ट मागवा आणि दुकानदाराला फिल्टरसाठी दळून द्यायला सांगा. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती. पाकिटावर प्लांटेशन लिहिलं असेल तर ती धुतलेली, म्हणजे वाळवण्याआधी गर काढलेली, अरेबिका, पार्चमेंट म्हणजे धुतलेली रोबस्टा, आणि चेरी म्हणजे फळासकट उन्हात वाळवलेली. पीबी म्हणजे पीबेरी, फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा असतो ती. थोडी रोबस्टा असली तर घाबरू नका, दुधाच्या कॉफीला तिचा जोर लागतोच, फक्त कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं हे लक्षात ठेवा. चिकरी असलेल्या पाकिटावर तिची टक्केवारी छापणं कायद्याने बंधनकारक आहे आणि कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, त्यामुळे आकडा वाचूनच घ्या. मला स्वतःला ऐंशी-वीस आवडते, चिकरी त्याच्या वर गेली की कॉफीचा वास मागे पडतो.

फिल्टर लावताना वरचं भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्या. तीन चमचे शिगोशीग पावडर, म्हणजे साधारण २० ग्रॅम, घालून भांडं हलकेच आपटून सपाट करा, छत्री, म्हणजे दांड्याची भोकांची चकती, वर ठेवा पण दाबून बसवू नका. उकळी आलेलं पाणी अर्धा मिनिट थांबवा, आधी पावडर भिजेल एवढंच घाला, ती फुगली की मग बाकीचं, सगळं मिळून १०० मिलि. पंधरा-वीस मिनिटं लागायला हवीत. दोन मिनिटांत खाली आलं तर पावडर जाड आहे. अजिबात येत नसेल तर कधी कधी पावडरीचा दोष नसतो, वरचं भांडं खालच्यात इतकं घट्ट बसतं की खालच्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. जरा उचलून पुन्हा ठेवा, लगेच टपटप सुरू होतं. आणि वर्षानुवर्षं वापरातला फिल्टर असेल तर भोकं बुजलेली असतात, रिकामं भांडं चिमट्यात धरून बारीक गॅसवर बुडाकडून तापवा, आतला साका जळतो, गार झाल्यावर ब्रशने घासा. उजेडाकडे धरलं की सगळी भोकं दिसली पाहिजेत.

डिकॉक्शन कधी उकळू नका, दूध उकळतं घ्या आणि त्यात ते ओता. आणि उरलेले बीन्स टाकू नका हं! ते जाडसर दळा, १५ ग्रॅमला २५० मिलि उकळतं पाणी, झाकून चार-पाच मिनिटं, मग स्वच्छ सुती कपड्यातून गाळून बिनदुधाचे प्या. त्यांना तयारच त्यासाठी केलेलं असतं, फळाची आंबटगोड चव त्यातच कळते.

प्रश्न: आमच्या घरी कॉफी म्हणजे दुधात, साखर आणि जायफळ घालून. मुलीच्या ऑफिसातली मंडळी म्हणतात ही कॉफीच नाही. मला वाईट वाटलं. आपल्याकडे कॉफी अशीच नाही का करत? (अमरावती)

उत्तर: अशीच करतात आणि खुशाल करा. कॉफीत मसाला घालणं काही आपण एकट्यानेच केलेलं नाही, अरबांच्या कॉफीत वेलची असते, आणि दाणा जगाकडे गेला तोच तिकडून. आपल्या देशात तो बाबा बुदान यांनी आणला अशी कथा सांगतात, मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आणि तुम्ही तर अमरावतीच्या, चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत, महाराष्ट्रात कॉफी पिकणारी ती जागा. पुढच्या वेळी मेळघाटात गेलात तर तिथली पावडर मिळाली तर आणा आणि तीच जायफळ घालून मुलीच्या ऑफिसात डब्याबरोबर पाठवा.

दोन गोष्टी फक्त. जायफळ ऐन वेळी किसा, सहाणेवर उगाळलं तर उत्तम, आणि गॅस बंद केल्यावर घाला, उकळलं की त्याचा वास उडून जातो. आणि प्रमाण खरंच चिमूटभर, जायफळ जास्त झालं तर बाधतं. रात्री जेवणानंतर पिणार असाल तर हेही सांगते की जायफळाने झोप येते हे खरं मानलं तरी कॅफिनचा निम्मा अंश पाचेक तासांनीही शरीरात उरलेला असतो, तर झोपेची तक्रार असणाऱ्यांनी कप दुपारी घ्यावा.

प्रश्न: बोअरचं पाणी आणि आरओचं पाणी, कॉफी दोन्हीत बेकारच लागते. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: बोअरचं जड पाणी चव दाबून टाकतं आणि भांड्यांना पांढरा थर देतं. आरओमधून क्षार इतके निघून जातात की चव धरायला काही उरत नाही आणि कॉफी सपक लागते. कॉफीवाले साधारण १५० टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) आसपासचं पाणी चांगलं मानतात. दोन्ही पाणी मिसळा, टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, तीन भाग आरओ आणि एक भाग बोअर असं सुरू करून जिभेला पटेल तिथे थांबा. बोअरचं पाणी पिण्यायोग्य आहे ना ते मात्र आधी तपासून घ्या.

प्रश्न: मी ३९ वर्षांची, पुण्यात राहते, लहानपणापासून लक्ष्मी रोडवर उभी राहून ढोल-ताशा बघितलाय आणि दर वर्षी वाटतं आपण पण वाजवावा. आता मुलगी मोठी झालीये, वेळ निघू शकतो. पण पथकात सगळी कॉलेजची पोरं असतात, मला घेतील का, झेपेल का, आणि कान खराब होतात म्हणतात ते खरं का? (पुणे)

उत्तर: घेतात, नक्की घेतात. पुण्याच्या पथकांमध्ये मुली आणि बायका भरपूर आहेत, नोकरी करून संध्याकाळी येणाऱ्या आहेत, आणि चाळिशीतल्याही आहेत. पूर्वी मावळ-मुळशीकडच्या गावांतली पथकं शहरात वाजवायला यायची, मग ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांनी मुलांची पथकं उभी केली आणि ही हौस शहराची झाली. पावसाळा लागला की नव्या वादकांची नोंदणी सुरू होते आणि गणपतीच्या आधी दोनेक महिने नदीकाठी, मैदानांवर सराव चालतो. तिथे जाऊन एक संध्याकाळ नुसतं उभं राहून बघा. नवीन लोकांना कोण शिकवतंय, ओरडून शिकवतंय की समजावून, हे बघितलं की कुठलं पथक निवडायचं ते कळेल.

झेपण्याचं म्हणाल तर आधी लागते ती कंबर, हात नंतर. ढोल कमरेला बांधून दोन-तीन तास उभं राहणं, तेही वाकून, हेच जड असतं. आत्तापासून रोज चालणं आणि पाठीचे व्यायाम सुरू करा. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, पहिल्या आठवड्यात तळव्याला आणि बोटांना फोड येतातच, म्हणून सगळे बोटांना चिकटपट्टी गुंडाळून घेतात. आणि घरी बसून सराव करायचा असेल तर उशी मांडीवर घ्या आणि फक्त लय धरा, जोर नको. नवीन वादक चुकतो तो जवळपास नेहमी घाईने, ताशा पुढे पळाला की ढोल त्याच्या मागे पळायला लागतात आणि सगळ्या पथकाची लय चढते. जो शांत राहून ठाय, म्हणजे संथ लयीत, वाजवू शकतो तो पथकाला हवा असतो, आणि ह्यात वयाने मोठी माणसं खरंच चांगली ठरतात. ढोलाचं पान चामड्याचं असेल तर पावसात सैल पडतं, त्याच्या दोऱ्या ओढून तो पुन्हा चढवायचा असतो, तेही शिकून घ्या, मजा येते आणि वाद्याशी ओळख होते.

कानांचं मात्र शंभर टक्के खरं आहे आणि ह्यात कुणाचं ऐकू नका. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. पथकाच्या मधोमध आवाज ह्याच्याही वर जातो. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, बोटांत वळून बारीक करून कानात घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. ठेका छातीत आणि पायात जाणवतोच, कान झाकल्याने वाजवण्यात काही कमी होत नाही. सरावालाही घाला, कारण मिरवणूक एक दिवस असते आणि सराव दोन महिने. गेलेला कान परत येत नाही.

प्रश्न: वडिलांच्या पेटीत जुन्या तबकड्या सापडल्या, काही जाड आणि जड ७८ च्या, काही लहान ४५ च्या, बऱ्याच कोंकणी नाचाच्या गाण्यांच्या. पावसाळ्यात बुरशी धरलीय. स्पिरिटने पुसून घेऊ का? आणि नवीन प्लेयरवर वाजतील का? (मडगाव)

उत्तर: स्पिरिट अजिबात नको! हे वाचून लगेच घरच्यांनाही सांगा. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या बहुतेक शेलॅकच्या असतात, शेलॅक म्हणजे आपली लाख, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पुसलं की खाचाच जातील. एके काळी जगभरच्या तबकड्यांना लाख आपल्या देशातून जायची, छोटा नागपूरच्या जंगलांतून. १९०८ मध्ये कोलकात्याला सियालदाला तबकड्यांचा कारखाना निघाला, तोवर इथे ध्वनिमुद्रण व्हायचं आणि तबकड्या बाहेरून दाबून यायच्या.

साफ करायचं ते असं. डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात सौम्य लिक्विड सोपचा एखादा थेंब, अगदी मऊ ब्रश. खाचांच्या दिशेने गोल गोल फिरवा, आडवा कधीच नाही. मधला कागद भिजू देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसा आणि सावलीत उभी ठेवून वाळवा. बुरशी कोरडी झटकू नका, ती उडून नाकात जाते, मास्क लावा. जुनी पाकिटं दमट असतील तर नवी घ्या पण जुन्यांवर काही लिहिलं-बिलिहिलं असेल तर ती वेगळी जपून ठेवा. तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, आणि पत्र्याच्या पेटीत उन्हाच्या भिंतीजवळ तर नाहीच.

वाजवण्याचं: प्लेयरवर ७८ चा वेग आहे का बघा, आजकालच्या कितीतरी प्लेयरना ३३ आणि ४५ एवढेच असतात. आणि सुई महत्त्वाची. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, ४५ आणि एलपीला, म्हणजे ३३ च्या मोठ्या तबकडीला, ०.७ मिलची. बारीक सुई रुंद खाचेत तळाला जाऊन खरखरते आणि तुम्हाला वाटतं तबकडीच खराब आहे. घरात चावीचा फोनो असेल तर त्याची स्टीलची सुई एका बाजूपुरतीच असते, दुसऱ्या बाजूला नवी. दुर्मीळ काही असेल ते फोनोवर वाजवू नका, आधी चांगल्या प्लेयरवर एकदा कंप्युटरवर उतरवून घ्या.

आणि पेटीत संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांचं काही निघालं तर मला खरंच कळवा. १९६० आणि ७० च्या दशकांतली ती कोंकणी गाणी, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवलेले गोंयकार वादक, आणि त्यावर लॉर्नाचा आवाज, बसून ऐकणं अवघडच आहे. मांडो हा गोव्याचा नाच-गाण्याचा प्रकार संथ असतो, मग त्याच्यामागून दुल्पद सुरू झालं की ठेका उडता होतो आणि घुमट, म्हणजे मातीचा ढोल, वेग घेतो, लग्नाच्या घरात म्हातारी माणसंसुद्धा तिथे उठतात. त्या नाचाचा धागा ह्या तबकड्यांत आहे, म्हणून एवढं सांगतेय.

प्रश्न: वय ५८, कंपनीतून रिटायर झालो. तरुणपणी मंडळाच्या गणपतीत डिस्को लागायचं तेव्हापासून ठेक्याचं वेड आहे. आता मुलाच्या फोनवर हाउस आणि टेक्नो, हे यंत्रांवरचं नाचाचं संगीत, ऐकलं आणि फारच आवडलं. घरचे म्हणतात ह्यात काय आहे, तेच तेच धडधड. मला आवडतं पण का ते सांगता येत नाही. शास्त्रीयही थोडंफार ऐकतो. सुरुवात कुठून करू? (पिंपरी)

उत्तर: काका, शास्त्रीय ऐकता म्हणालात तर तुमचं काम सोपं आहे. तबल्याचं सोलो आठवा. बाजूला हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा चालू असतो, तोच, तेवढाच, तासभर. कुणी म्हणतं का की हार्मोनियमवाला तेच तेच वाजवतोय? कारण लेहरा वेळ धरून ठेवतो आणि आपलं लक्ष त्याच्यावर काय घडतंय तिकडे असतं. हाउसमध्ये मोठा ड्रम प्रत्येक मात्रेवर पडतो, मिनिटाला साधारण १२० ते १३० वेळा, आणि दोन ठोक्यांच्या बरोबर मधे हाय-हॅटची, म्हणजे ड्रमच्या झांजेची, ती 'त्स' असते, तिच्यामुळे पाय उचलतो. हा झाला लेहरा. आता त्याच्यावर ऐका. चार मात्रांची एक पट्टी, अशा आठ किंवा सोळा पट्ट्या झाल्या की काहीतरी बदलतं, टाळी येते, बेस जातो, एखादा सूर हळूहळू उघडत जातो. मोजत बसा, बोटांवर, आणि बदल कधी येणार ते आधी ओळखायचा प्रयत्न करा. ओळखता आलं की समेवर आल्यासारखा आनंद होतो आणि घरच्यांना काय सांगायचं तेही मिळतं.

पण घरच्यांचंही पूर्ण चूक नाही, कारण ते फोनवर ऐकतायत. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत, मोठ्या ड्रमचा गाभा ५०-६० हर्ट्झच्या आसपास असतो, फोनवर त्याची फक्त टकटक उरते, म्हणजे निम्मं गाणं गायब. बरा हेडफोन घ्या किंवा जुना डेकचा स्पीकर घरात असेल तर तो भिंतीजवळ, कोपऱ्याकडे सरकवा, कोपऱ्यात बेस आपोआप वाढतो. आवाज मोठा करायची गरज नाही, फक्त खालचा सूर यायला पाहिजे. मग घरच्यांना बसवा आणि सांगा की एका गाण्यात फक्त बेस ऐका, दुसरं काही नको.

आणि सुरुवात मी तुम्हाला मुंबईतूनच करायला सांगेन. चरणजित सिंग नावाचे वादक होते, हिंदी सिनेमांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, नवीन वाद्यांची त्यांना भयंकर हौस. रोलँड ह्या जपानी कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ हे ड्रमचं यंत्र आणि १९८१ मध्ये टीबी-३०३ हे बेसचं यंत्र काढलं, सिंग यांनी दोन्ही घेतली. ३०३ मुळात एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून केलेलं होतं, पण खऱ्या बेससारखं ते वाजेना, खपलं नाही आणि १९८४ च्या सुमारास बंदही झालं. पण त्यात एक सोय होती, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची. तुम्हाला सांगायला नको, ही मींड झाली! सिंग यांनी ते बरोब्बर हेरलं. ८०८ चा डिस्को ठेका खाली, ३०३ ची फिरती ओळ, आणि वर ज्युपिटर-८ ह्या सिंथेसायझरवर राग. १९८२ मध्ये 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ह्या नावाने ती एलपी निघाली, त्यात भूप आहे, यमन आहे, कलावती, मालकंस आहे. तेव्हा कुणी फारशी विचारली नाही.

तिकडे शिकागोत काय झालं, टाकून दिलेली ३०३ यंत्रं सेकंडहँड बाजारात स्वस्तात यायला लागली, तिथल्या तरुण पोरांनी ती घेऊन बटणं पिळत पिळत तो च्यांव-च्यांव आवाज काढला आणि १९८७ मध्ये फ्युचर ह्या गटाच्या रेकॉर्डने अ‍ॅसिड हाउस म्हणून तो जगभर गेला. सिंग यांचं काम त्यांनी ऐकलेलंही नव्हतं. म्हणजे तीच यंत्रं, जवळपास तोच आवाज, आणि मुंबईत पाच वर्षं आधी झालेला. २०१० मध्ये ती एलपी युरोपातून पुन्हा निघाली, लोक चाट पडले, आणि सत्तरी ओलांडलेले सिंग तिकडे जाऊन लोकांसमोर वाजवून आले. २०१५ मध्ये ते गेले. मला ह्या गोष्टीतलं काय आवडतं सांगू? त्यांनी काही नवीन संगीत शोधायचं म्हणून केलं नव्हतं, हातात आलेलं वाद्य राग वाजवायला लावून बघितलं, तेवढंच. आधी यमन ऐका, तो ओळखीचा आहे, आरोहात निषाद-रिषभ कसे फिरतात ते कानावर आहेच, त्यामुळे यंत्र काय करतंय ते वेगळं काढून ऐकता येईल.

तिथून शिकागोच्या फ्रँकी नकल्सकडे जा, त्यांच्या हाउसमध्ये गाणारा गळा असतो आणि पियानो असतो, घरच्यांनाही आवडेल. मग डेट्रॉइटचे हुआन अ‍ॅटकिन्स आणि डेरिक मे, तिथे टेक्नो कोरडा आणि यंत्राच्या जवळ जातो, तुम्ही कंपनीच्या शॉपफ्लोअरवर आयुष्य काढलंय, तुम्हाला तो ठेका कुठेतरी ओळखीचा वाटेल असं मला फार वाटतं. गोव्याचा ट्रान्स शेवटी ठेवा, ९० च्या दशकात हणजुणेच्या (अंजुनाच्या) किनाऱ्यावर तो घडला, उन्हाने तबकड्या वाकायच्या म्हणून तिथले डीजे टेपवर वाजवायचे. तो वेगवान आहे आणि लांब चालतो, सवय झाल्यावर ऐका.

आणि नाचा. हे बसून ऐकायचं संगीत नाहीच. गुडघ्यांची काळजी असेल तर पाय जमिनीवर राहू दे, नुसतं वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या, खांदे सैल सोडा, ठोका टाचेत घ्या. दार लावून, पंखा लावून, रोज दोन गाणी.

प्रश्न: नवऱ्याला कॉफीचं वेड लागलंय. ओट्यावर ग्राइंडर, चोचीची किटली, वजनकाटा, मोका पॉट, काचेचं काय काय. मला चहा लागतो आणि मला चहा ठेवायला जागा नाही. बोलले तर म्हणतो माझी एवढी एकच हौस आहे. भांडण नकोय, उपाय सांगा. (नाशिक)

उत्तर: त्यांची हौस खरी आहे आणि तुमचा चहाही तेवढाच खरा आहे, त्यामुळे ओटा अर्धा-अर्धा झाला पाहिजे. एक मोठा ट्रे आणा आणि त्यांना सांगा की कॉफीचं सगळं ह्या ट्रेवर, ट्रेच्या बाहेर आलं ते कपाटात. ग्राइंडर आणि वजनकाटा कामाचे आहेत, ते राहू द्या. मोका पॉट, गॅसवर ठेवायचं ते कॉफीचं भांडं, इटलीत १९३३ मध्ये निघालं आणि पुढे तिथे घराघरांत गेलं, आणि दुधाची कॉफी त्यात छान होते, काचेचं सामान वेगळ्या प्रकारच्या कॉफीचं आहे, महिनाभर एकच काहीतरी वापरायचं आणि दुसरं कपाटात ठेवायचं असं ठरवा. एकच भांडं रोज वापरलं की त्यांची कॉफीही सुधारेल, हे त्यांना मी सांगितलंय म्हणून सांगा.

धुणं त्यांचं, हे आजच ठरवून टाका. चोथा बेसिनमध्ये सोडायचा नाही, पाइप तुंबतो. तुमच्याकडे कुंड्या असतील तर त्यातही थेट जाड थर नको, वाळून त्याची पापडी धरते आणि पाणी खाली उतरत नाही, कंपोस्टच्या डब्यात वाळक्या पानांबरोबर मिसळून टाकायला लावा. आणि तुमच्या चहाची किटली, आलं किसायची किसणी आणि गाळणं गॅसच्या उजव्या हाताला, जिथे आधी होतं तिथेच.